तीन लाकडी मानकरी

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. ज्यांची ती आहे ते ती आपसांतच सांगतात, आणि तीही हलक्या आवाजात, कारण तिच्यात एका राजाची चूक आहे. पण मला ती पाठ झाली आहे आणि आत्ता घरात ऐकायला कुणी नाही. तेवढ्यात सांगून टाकते.

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. त्याचा वाडा मैदानाच्या मधोमध होता आणि वाड्याच्या गच्चीवरून नजर पोचेल तिथवर काळी, सपाट जमीन दिसे. पण नजर संपे तिथे राज्य संपत नव्हते. दक्षिणेला समुद्रकाठची खाजणे होती, पूर्वेला दगडी माळ होता आणि उत्तरेला ढगांत डोके खुपसून बसलेले डोंगर होते. मैदान धरून एका राजाचे चार मुलूख.

सभेत सिंहासनासमोर तीन पाट मांडलेले असत. मैदानाचे राजाला ठाऊक होते, म्हणून मैदानाला पाट नव्हता. उरलेल्या तीन मुलखांचा एकेक मानकरी पाटावर बसे. वाड्यात शिरताना सगळ्यांना पाय धुवावे लागत, प्रधानालासुद्धा. मानकऱ्यांना मात्र पाय धुण्याची मनाई होती. आपल्या मुलखाची माती पायाला तशीच ठेवून त्यांनी आत यायचे आणि पाटावर पाय टेकून बोलायचे, अशी रीत होती. तीनही मानकरी होय म्हणाले की हुकूम पक्का होई. पक्का झालेला हुकूम नुसती माणसेच पाळीत नसत. आग, पाणी आणि जनावरेही तो पाळीत.

राजा वाईट नव्हता. त्याला एक मोठा कालवा खणायचा होता. एके दिवशी तो सभेत म्हणाला, "सगळ्या राज्यानं शेताशिवाराच्या कामाला एकाच दिवशी लागावं. मी नगारा वाजवीन, तोच मुहूर्त. म्हणजे सगळे एकदमच मोकळे होतील आणि सगळे हात कालव्याला मिळतील."

खाजणाचा मानकरी म्हणाला, "महाराज, आमची कामं भरती-ओहोटी ठरवते. तिला एक खलिता पाठवून बघा."

"ह्यांचं बरं आहे," माळाचा मानकरी म्हणाला. "पाणी दिवसातून दोनदा दारात येऊन विचारपूस करतं. आमच्याकडे ते वर्षातून एकदा येतं, तेही पाहुण्यासारखं."

"तुमच्या दोघांचंही पाणी आमच्या डोक्यावर पडतं," डोंगराचा मानकरी म्हणाला. "आधी आम्हाला बोलू द्या."

"तुम्ही बोलता कमी आणि खोकता जास्त," खाजणाचा म्हणाला.

"आमच्या धुक्यात राहून बघा, म्हणजे कळेल."

असे दिवे लागेपर्यंत चालले. राजाचे डोके दुखू लागले. त्याने काष्ठनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावले.

राजा म्हणाला, "मला असे मानकरी हवेत जे भांडणार नाहीत."

"करून देतो. लाकूड कुठलं घेऊ?"

"बागेतलं घे. जवळ आहे."

काष्ठनाथाने बागेतला एक वृक्ष तोडला आणि त्यातून तीन मानकरी घडवले. एकाला कोळ्याचा रुमाल बांधला, एकाच्या खांद्यावर घोंगडी टाकली, एकाच्या कमरेला कोयता लावला. तिघेही देखणे होते. तिघांना एकच गोष्ट बोलता येत होती. जिवंत मानकऱ्यांना मानाची शाल आणि नारळ देऊन घरी पाठवण्यात आले, आणि लाकडी मानकरी पाटांवर बसले.

"एकच नगारा, एकच मुहूर्त. मान्य?" राजाने विचारले.

"होय महाराज," तिघे म्हणाले.

सभा इतक्या लवकर कधी आटोपली नव्हती. गावोगावी दवंडी पिटली गेली आणि त्या दिवसापासून राज्य शांत झाले.

नगारा मैदानाच्या सोयीने वाजे. मैदानात पाऊस स्थिरावला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला, की राजा टिपरू उचले. मैदान पिकले. गच्चीवरून सगळीकडे हिरवे दिसे आणि राजा समाधानाने जेवे.

नजर पोचत नव्हती तिथे असे झाले. नगारा वाजेपर्यंत डोंगरातल्या शेतात ठिणगी पडेना. खाजणातल्या बांधाची दारे हलेनात. माळावरची मेंढी पाय उचलेना. आणि दुसरीही एक गोष्ट झाली. ज्या पाटावर लाकूड बोलते, त्या मुलखाची जीभ लाकडाची होऊ लागते. हे काष्ठनाथाने सांगितले नव्हते, कारण राजाने विचारले नव्हते. आधी म्हाताऱ्यांच्या जिभा वाळल्या, मग तरुणांच्या, मग मुलांच्या. माणसे तोंड उघडत आणि आतून दार वाजल्यासारखा आवाज येई. राजाकडे तक्रार एकही आली नाही. राजाला वाटले, सारे सुखी आहेत.

राजाची राणी डोंगरातली होती. तिचे नाव सोनकी. हुकूम झाला त्या दिवशी ती चिकाच्या पडद्याआड बसून ऐकत होती. नगाऱ्याने डोंगराचे काय होईल हे तिला कळले होते. पण ती सासरी नवी होती, आणि ती गप्प बसली.

लाकूड तिच्या जिभेवर सावकाश आले, कारण ती मैदानातले पाणी पीत होती. आधी रानातल्या पाल्यांची नावे गेली. मग लहानपणीची गाणी गेली. एके सकाळी तिने धाकट्या बहिणीचे नाव घ्यायला तोंड उघडले आणि ते नाव तिला उच्चारता येईना.

त्याच सकाळी तिच्या खिडकीत एक पक्षी येऊन बसला. काळाभोर, शेपटीला दोन लांब पिसे. तो डोंगरातला भृंगराज होता, जो ऐकेल तो आवाज हुबेहूब काढतो.

"कारवी," पक्षी म्हणाला. "तुझ्या बहिणीचं नाव कारवी. विसरलीस की जीभ अडली?"

"अडली," राणी म्हणाली.

"मग अजून बरी आहेस. डोंगरात आता विसरलेले आणि अडलेले एकच झालेत." आणि त्याने एका मागोमाग एक आवाज काढले: म्हातारीचा, गुराख्याचा, पाळण्यातल्या मुलाचा. "एवढे माझ्यापाशी राहिलेत. ज्यांचे आहेत त्यांच्यापाशी नाहीत."

"ते सभेत राजाला ऐकव."

"मी नकलाकार आहे, राणी. दुसऱ्याचा आवाज काढणाऱ्याला पाटावर बसवायला गेलीस तर पाट उलटेल."

राणी काष्ठनाथाकडे गेली. तो बागेत उरलेल्या बुंध्यावर बसून हत्याराला धार लावत होता.

"हे कसं मोडेल?" तिने विचारले.

"दवंडी पिटली गेली तेव्हा प्रत्येक मुलखात एका माणसानं ती तोंडावर नाकारली. त्याची जीभ शाबूत आहे. ती तीन माणसं आण. आपापल्या लाकडी मानकऱ्यासमोर बसून ती आपल्या मुलखाचं बोलली, की माझं लाकूड लाकूडच राहील."

"आणि कधीपर्यंत?"

"यंदाचा नगारा वाजेपर्यंत. त्यानंतर जिभा कायमच्या लाकडाच्या होतील. तुझीसुद्धा."

राणीने राजाला निरोप दिला की मी तीन माणसे आणायला जाते. राजाला तिची जीभ अडखळताना दिसत होती आणि तो मनातून भ्याला होता. तो म्हणाला, "आण. मी ऐकेन. पण मैदानाची वेळ झाली की मला नगारा वाजवावाच लागेल."

राणी आधी दक्षिणेला गेली, कारण तो रस्ता जवळचा होता. पक्षी तिच्या खांद्यावर होता.

खाजण म्हणजे समुद्राला बांध घालून सोडवलेली भातजमीन. बांधाला लाकडी दार असते, त्याला तिथे उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला ती लावून घ्यायची, की शेत गोडे राहते. आता उघाडी फक्त नगाऱ्याला उघडत होती. गेल्या खेपेला नगारा वाजला तेव्हा उधाणाची भरती होती. राणीने पाहिले तर बांधाच्या आत समुद्र होता आणि घरांच्या भिंतींवर मीठ फुलले होते. माणसे छपरांवर बसली होती आणि तिच्याकडे पाहून टकटक करीत होती.

बांधावर एक माणूस उघाडीच्या खांबाला दोराने बांधलेला होता. पाणी त्याच्या छातीपर्यंत होते.

"तू दवंडीला नकार दिलास?" राणीने विचारले.

"दिला. हसाजी माझं नाव. अजूनही देतो, म्हणून परवा ठाणेदारानं मला इथे बांधलं आणि स्वतः चौकी सोडून पळाला. पाणी त्याच्याही चौकीत शिरलं."

"चल. सभेत बोल."

"आता?" हसाजी हसला. "शेत बुडालं, गाय बुडाली, भाऊ बुडाला, आणि आता राजवाड्यात बोलावणं. जेवण तरी आहे का?"

"आहे."

"मग येतो. पण पाय धुणार नाही."

"धुवू नकोस," राणी म्हणाली आणि तिने पाण्यात उतरून दोर कापला. खाजणाचा चिखल तिच्या पोटऱ्यांपर्यंत लागला.

मग ती पूर्वेला गेली. माळावर मेंढपाळ गवत संपले की कळप हलवतात. एका ठिकाणी मुक्काम, मग पुढच्या. आता नगारा वाजेपर्यंत मेंढ्यांचे पाय हलत नव्हते. राणीने दुरून कळप पाहिला आणि तिला बरे वाटले. जवळ गेल्यावर दिसले की मेंढ्या उभ्या होत्या, पण जिवंत नव्हत्या. गवत संपले त्या जागी त्या उभ्याच वाळल्या होत्या. वाऱ्याने त्यांची लोकर उडत होती.

त्या कळपाच्या मध्ये एक बाई बसून लोकर वेचत होती. तिचे नाव बिरूबाई.

"काय करतेस?" राणीने विचारले.

"घोंगडी विणायला लोकर वेचते."

"कुणासाठी?"

"नवरा गेला. त्याच्यावर घालायला राहिली होती." तिने मान वर केली. "राणी आहेस वाटतं. कपड्यांवरून दिसतेस. तुझ्या नवऱ्याचा नगारा आमच्याकडे चांगला ऐकू येतो. नगारची दमत असेल."

"नवरा वाजवतो."

"मग बरं. हात दुखत असतील त्याचे."

राणी तिच्यासमोर धुळीत बसली. "बिरूबाई, हुकूम नाकारणाऱ्यांत इथे तू एकटी. माझ्याबरोबर चल. नाहीतर ह्या माळाला पुन्हा बोलता येणार नाही."

बिरूबाईने वेचलेली लोकर पदरात बांधली आणि उठली. "बोलून मेंढ्या परत येत नाहीत," ती म्हणाली. "पण मी गप्प राहिले म्हणूनही आल्या नाहीत."

आता उत्तर राहिली होती. दोन रस्ते फुटत होते, एक डोंगराकडे आणि एक राजवाड्याकडे. आभाळ भरून येत होते. मैदानात पाऊस स्थिरावायला फार अवकाश नव्हता. राणीची जीभ आता वाक्यामागे एखादा शब्द गाळत होती.

तिने घोडा राजवाड्याकडे वळवला.

"हा रस्ता चुकला," पक्षी म्हणाला.

"चुकला नाही. डोंगराचं मी जाणते. मी तिथे जन्मले. तिसऱ्या पाटावर मी बसेन."

"दवंडीला नकार दिला ती तू नव्हेस. तो कारवीनं दिला."

"माहीत आहे."

"मग?"

राणीने घोड्याला टाच मारली. लग्नानंतर ती एकदाही माहेरी गेली नव्हती, निरोपही पाठवला नव्हता. पडद्याआड ती गप्प बसली आणि तिची धाकटी बहीण दवंडीवाल्यासमोर उभी राहिली. त्या बहिणीच्या तोंडासमोर जाण्यापेक्षा तिला सभेला सामोरे जाणे सोपे वाटले. पक्षी हे ओळखून होता. त्याने तिच्याच लहानपणीच्या आवाजात कारवीला एक हाक मारली.

सभा भरली. हसाजी चिखलाच्या पायांनी आला. दरबारातल्या लोकांनी अंगरखे सावरले. कुणी तरी नाकाला रुमाल लावला.

हसाजी म्हणाला, "वास मिठाचा आहे. तुमच्या जेवणात असतं ते."

तो पहिल्या पाटापाशी गेला, लाकडी मानकऱ्याला बाजूला सारून बसला आणि पाय टेकले. "महाराज, उघाडी ओहोटीनं उघडायची असते. तुमच्या नगाऱ्यानं ती भरतीत उघडली. आमच्याकडे आता जमीन नाही, समुद्र आहे. दार आमच्या हातात द्या. बाकी आम्ही बघतो."

लाकडी मानकरी म्हणाला, "होय महाराज," आणि उभा फुटला. सभेत काही ऐकू आले नाही, पण दक्षिणेला छपरांवर बसलेल्या माणसांच्या जिभा ओल्या झाल्या.

बिरूबाई दुसऱ्या पाटावर बसली. "आमचा कळप गवताच्या मागे चालतो. तुम्ही त्याला नगाऱ्याच्या मागे उभा केलात. उभ्याउभ्या मेला. पाय मोकळे सोडा. वाटेत तुमच्या मैदानात आमची मेंढरं बसू द्या, लेंड्या तुमच्याच शेताला खत होतील. एवढंच."

दुसरा मानकरी फुटला.

राणी तिसऱ्या पाटावर बसली. सारा दरबार उभा राहिला, कारण राणीने पाटावर बसण्याची रीत नव्हती. ती थांबत थांबत बोलली. "महाराज, डोंगरात पाऊस आधी येतो. त्याच्याही आधी आम्ही भाताच्या रोपांची जागा पाला आणि शेण पसरून भाजतो. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप उभं राहत नाही. डोंगराला आग परत द्या."

तिसरा लाकडी मानकरी म्हणाला, "होय महाराज." तो फुटला नाही.

राणी तेच पुन्हा म्हणाली. तो पुन्हा होय म्हणाला. ती तिसऱ्यांदा बोलू गेली, आणि तिच्या तोंडातून दार वाजल्यासारखा आवाज आला.

बिरूबाई पाटावरून उठली नाही, तिथूनच म्हणाली, "बाई, पाय बघा तुमचे. ह्यांच्या खाजणाचा चिखल आहे. माझ्या माळाची धूळ आहे. डोंगराचं काय आहे?"

राणीने पाय पाहिले आणि पदर तोंडाशी धरला.

त्याच वेळी प्रधान आत आला. "महाराज, वाफसा आला. मैदानात लोक तिफण धरून उभे आहेत. नगारा."

राजा उठला. सगळ्यांना वाटले तो नगाऱ्याकडे जाईल. त्याने राणीकडे पाहिले. मग खाली येऊन तिसऱ्या लाकडी मानकऱ्याला उचलून पाठीवर घेतले.

"महाराज, मैदान?" प्रधान म्हणाला. "ओल उडाली तर पेर वाया जाईल."

"उभं राहू दे. एवढी वर्षं बाकीचे उभे होते."

राजा चालत निघाला. राणी त्याच्यामागे निघाली. पक्षी वाट दाखवत पुढे उडाला.

लाकडी मानकरी आधी हलका होता. पण तो दर वेळी होय म्हणाला की जड होई, आणि राजाला एकट्याने चालताना बोलायची सवय होती.

"ह्या वाटेनं पोचू का आपण?" राजाने विचारले.

"होय महाराज."

"की ही वाट चुकीची आहे?"

"होय महाराज."

राजा पुढे चालत राहिला. चढ लागला. त्याच्या टाचा फुटल्या.

"माझा हुकूम बरोबर होता का?"

"होय महाराज."

"मग माझं चुकलं का?"

"होय महाराज," लाकूड त्याच स्वरात म्हणाले, आणि राजाचे गुडघे टेकले. तिथे दगडावर बसून राजाला कळले की एवढी वर्षे आपण सभेत एकटेच बसलो होतो. राणीला हे त्याला सांगायचे होते, पण आता तिला सांगता येत नव्हते. तिने लाकडाचा एक पाय उचलून धरला आणि ते दोघे चढू लागले.

डोंगरात पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. उतारावरच्या राबाच्या जागा तणाने भरल्या होत्या. गावात चुली पेटत होत्या, कारण चूल हुकमात नव्हती, पण तिच्यावर नुसते पाणी उकळत होते. मुले दारांत बसली होती. त्यांच्याकडे पाहून राणीने मान फिरवली.

कारवी आपल्या घराच्या ओट्यावर होती. तिने राजाला पाहिले, त्याच्या पाठीवरचे पाहिले, आणि ती उठली नाही.

"दाजी," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आलात आणि हातात काय आणलंत, तर बाहुला."

"हा तुमचा मानकरी," राजा म्हणाला.

"आमचा? आमच्याकडे असलं लाकूड होत नाही." मग तिने राणीकडे पाहिले. "आलीस."

राणीच्या तोंडातून टकटक आली.

"तुझीही गेली तर," कारवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच राणीला जड गेले. ती ओट्याखाली बसली.

राजा म्हणाला, "मी हुकूम मागे घेतो. तुम्हाला राब भाजायची मोकळीक देतो."

"नको," कारवी म्हणाली.

राजाने दिलेले आजवर कुणी परत केले नव्हते. "नको? राणीनं तर हेच मागितलं."

"हुकूम झाला तेव्हा हेच लागत होतं. पण राब भाजून पेरू काय? दोन पावसाळे रोप उभं राहिलं नाही. तिसऱ्याला आम्ही बी खाल्लं. शेवटची मूठ मी माझ्या लेकीला शिजवून घातली. तीही राहिली नाही."

राणीने मान वर केली. बहिणीला मुलगी झाली हेसुद्धा तिला माहीत नव्हते.

राजा चिखलात बसला. त्याने पाठीवरचे ओझे उतरवले नव्हते. "मग काय देऊ? मैदानात बियाणं पुष्कळ आहे."

"मैदानाचं भात इथल्या पावसात कुजतं. आमचंच हवं. आम्ही वर्षानुवर्षं नजराणा म्हणून भात पाठवलं, ते सालीसकट तुमच्या कोठारात पडलं असेल. सणासुदीला तुम्ही त्याचा वासाचा भात खाता. ते परत पाठवा. जुनं झालंय, अर्धं रुजणार नाही. चालेल. उरलेल्याचं आम्ही दोन वर्षांत बी करू. तोवर खायला तुमच्या मैदानाचं धान्य द्या, ते कुजणार नाही, पोटात जाईल."

"आणि नगारा? फोडून टाकू?"

"कशाला? तुमच्या मैदानाला तो लागतो. तिथे वाजवा. इथे ऐकू येऊ देऊ नका, एवढंच बघा."

राजाने विचार केला. असे काही त्याला सुचले नव्हते, आणि एकाही लाकडी मानकऱ्याला सुचले नसते. "होय," राजा म्हणाला. पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या बाजूने निघाला होता.

पाठीवरचा मानकरी काही बोलला नाही. त्याचा भुसा होऊन तो राजाच्या खांद्यांवरून चिखलात सांडला.

राजाला वाटले, आता लोक जयजयकार करतील.

दारात बसलेल्या एका मुलाने तोंड उघडले आणि ते रडू लागले. मग त्याची आई रडू लागली. मग शेजारचे घर, मग खालची आळी, मग पलीकडच्या उतारावरचे गाव. ज्यांची माणसे गेली होती त्यांना तेव्हा रडता आले नव्हते, नुसती टकटक करता आली होती. ते एवढ्या वर्षांचे रडणे आता एकदम आले. डोंगरच्या डोंगर रडत होते. नावे घेऊन रडत होते. पक्ष्याने आपल्यापाशी जपलेले आवाज एकेक करून सोडून दिले आणि मग तो साध्या पक्ष्यासारखा ओरडला.

राजा उठू लागला. कारवीने त्याला हाताने खाली बसवले. "बसा, दाजी. हेही ऐकायचं आहे."

राजा बसला. पाऊस पडत होता. त्याने सगळे ऐकले. कुणी येऊन त्याच्या तोंडावर बोलले, कुणी त्याच्याकडे पाहिलेही नाही. एका म्हाताऱ्याने त्याला विचारले, तू कोण, आणि राजाला सांगायला वेळ लागला.

राणीची जीभ सैल झाली तेव्हा ती बहिणीजवळ सरकली. तिला पुष्कळ सांगायचे होते. पडद्याचे, गप्प बसण्याचे, वळवलेल्या घोड्याचे. ते काहीच ती बोलली नाही.

"कारू," ती म्हणाली, "तुझ्या लेकीचं नाव काय होतं?"

कारवीने सांगितले. राणीने ते नाव मोठ्याने म्हटले. मग दोघी रडल्या.

राजा मैदानात परतला तेव्हा ओल उडून गेली होती. त्या वर्षी मैदानाने निम्मेच पेरले आणि त्याबद्दल लोक राजाला बोलले. राजाने ऐकून घेतले. मैदानालाही एक पाट दिला. कोठारातले भात डोंगरात गेले, आणि थोडे रुजले. बांधाची दारे खाजणाच्या हातात गेली, पण मीठ जायला पुष्कळ पावसाळे लागले. बिरूबाईला राजाने मेंढ्या दिल्या. ती म्हणाली, ह्या त्या नाहीत, पण बऱ्या आहेत. काष्ठनाथाला शिक्षा झाली नाही. राजाने मागितले तेच त्याने दिले होते.

सभेत पुन्हा भांडणे सुरू झाली. ती दिवे लागेपर्यंत चालतात आणि राजाचे डोके दुखते. डोंगराच्या पाटावर कारवी मात्र कधी बसायला आली नाही. ती म्हणाली, मी येणार नाही, तुम्ही येत जा. म्हणून दर वर्षी राबाच्या आधी राजा आणि राणी डोंगर चढतात, ओट्यावर बसतात, आणि कारवी त्यांना आधी नाचणीची भाकरी वाढते आणि मग विचारते, दाजी, यंदा कोणता नवा हुकूम आणलात, आणि राजा सांगू लागतो, आणि त्याचे अर्धेच सांगून होते तोवर कारवी

आई परत आली, हाक मारते आहे. आले गं, एवढं वाक्य